हात थांबला तर ठेवायचं

मी दिल्लीत दोन नोकऱ्या केल्या. पहिली केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लघुलेखिकेची. तिच्यातून रीतसर निवृत्त झाले, गळ्यात हार पडला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ते वर्षभरात बंद पडलं. दुसरी नोकरी अजून चालू आहे. ती एका मोठ्या लेखकाच्या सोबतिणीची. हिला भरती नाही, बदली नाही, आणि हुद्द्याला धड नावही नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख खरं म्हणजे त्याच्याकडे मागितला होता. फोन त्यानेच घेतला. म्हणाला, "माझ्याविषयी मी पुष्कळ लिहिलंय. आता तिला लिहू द्या, तिला खरं काय ते माहीत आहे." मग फोन माझ्या हातात कोंबून बाल्कनीत निघून गेला. संपादक बिचारे चाचरत होते. मला 'वहिनी' म्हणावं की 'ताई', हा पेच मी त्यांच्या आवाजात ऐकला; गेली कित्येक वर्षं ऐकतेच आहे. शेवटी 'बाई'वर तडजोड झाली. "दिवाळीला अजून खूप अवकाश आहे, बाई, सावकाश लिहा," असं ते म्हणाले. पण मी जानेवारीतच बसले आहे. या लेखाला मटार लागतो, आणि दिल्लीत खरा मटार थंडीतच मिळतो.

त्याचं नाव दिगंबर. आडनाव लिहीत नाही. मराठी वाचक ओळखेल, आणि नाही ओळखलं तर त्याचा अहंकार जरा उतरेल, तेही बरंच.

आमची भेट हिंदूरावमध्ये झाली. हे नाव ग्वाल्हेरहून येऊन इथे राहिलेल्या एका गृहस्थाचं, पण दिल्लीकराला ते ऐकून आठवतं ते रिज नावाच्या झाडीच्या टेकडीवरचं मोठं म्युनिसिपल रुग्णालय. माझी मावशी तिथे दाखल होती. तिचा डबा घेऊन मी चालले होते, तेवढ्यात इंजेक्शनच्या रांगेतून मराठी शिव्या कानावर आल्या. साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या घोळवलेल्या, विशेषणं लावलेल्या. एक किडकिडीत माणूस पोटरी धरून उभा होता. रिजवर तो आपल्या पानिपतच्या कादंबरीसाठी जुन्या खुणा शोधत हिंडत होता. पिशवीत पेरू होते. माकडाला पेरू हवे होते, हा पिशवी सोडेना, मग माकडाने पोटरी धरली.

"मराठी वाटतं?" मी विचारलं.

"दिसतं का तसं?"

"दिसत नाही. ऐकू आलं."

मावशीच्या डब्यातला अर्धा भात त्या दिवशी त्याने खाल्ला. पुढच्या इंजेक्शनांना कुठली बस धरायची ते मी सांगितलं. इंजेक्शनं संपली तरी तो बस धरून आर. के. पुरमला माझ्याकडे जेवायला येत राहिला, आणि एके दिवशी परत गेलाच नाही. क्वार्टर सरकारी होतं आणि माझ्या नावावर होतं. म्हणजे लेखक माझ्याकडे राहत होता, मी लेखकाकडे नव्हे. चरित्र लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

लग्न का केलं नाही, असं लोक अजून विचारतात. मोठं कारण काही नाही. आधी त्याच्या आईला मी पसंत नव्हते, मग माझ्या वडिलांना तो पसंत पडेना, आणि दोघंही निवळेपर्यंत आम्हाला तसंच राहायची सवय झाली. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी काही वर्षं कुजबुज केली. मग त्याला मोठा पुरस्कार मिळाला, आणि हळदीकुंकवाची आमंत्रणं मलाही यायला लागली.

आता या नोकरीत काम काय असतं ते सांगते. फोनवर "ते लिहीत आहेत" असं सांगायचं, मग ते घोरत का असेनात. सत्काराच्या शाली कुणाकुणाला देऊन टाकायच्या. चष्मा शोधायचा, तो बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर असतो. ही झाली वरकड कामं. मुख्य काम एकच, ऐकायचं.

दिगंबर पान लिहून झालं की मोठ्याने वाचतो. क्वार्टरमध्ये खोल्या दोन, टेबल एक. मी ऑफिसातून आले की त्या टेबलाच्या एका कडेला भाजी निवडायला बसायची, दुसऱ्या कडेला त्याचे कागद. थंडीत दिल्लीत मटाराचे ढीग लागतात. पाच-पाच किलो घ्यायचा आणि सोलत बसायचं. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं, की मजकूर पकड घेतो तेव्हा माझा सोलणारा हात थांबतो, आणि पाणी घातलेलं असेल तर बोटं चालूच राहतात. माझं मलाही हे ठाऊक नव्हतं. त्याने मला कधी "कसं वाटलं?" विचारलं नाही. वाचताना एक डोळा कागदावर, एक माझ्या हातांवर. नियम ठरून गेला. हात थांबला तर ठेवायचं, चालू राहिला तर फाडायचं. कित्येक पानं मी अशी मटारात घालवली. त्यातली काही बरी असतील, कोण जाणे.

आमच्या समोरच्या दारात खुरानाभाभी राहायच्या. त्यांचे यजमान माझ्याच मंत्रालयात. भाभींचा आवाज असा, की त्या आपल्या स्वयंपाकघरात बोलल्या तरी आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. एका रविवारी क्वार्टरांची तपासणी आली. सरकारी घरात भाडेकरू ठेवायचा नाही असा नियम, आणि कुणी ठेवलाय का ते बघायला माणसं यायची. दार दिगंबरने उघडलं, अंगात भोकं पडलेला स्वेटर, हातात कागद.

"आप कौन?"

"मैं लेखक हूँ," दिगंबर म्हणाला. त्याचं हिंदी अजून तेवढंच आहे.

"वो तो ठीक है, पर हैं कौन?"

नोकरीवर डाग, क्वार्टर जाणार, सगळं एका क्षणात दिसलं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"भाईसाहब हैं जी, घर के हैं," खुरानाभाभी म्हणाल्या.

"घर के मतलब? रिश्ता क्या है?"

"रिश्ता?" भाभींनी आत टेबलाकडे हात केला. "रिश्ता ये, कि ये पढ़ते हैं और ये मटर छीलती हैं. तीस साल से शादीशुदा हूँ, मेरे वाले ने अख़बार भी पढ़के नहीं सुनाया. आप बैठो, चाय बन रही है."

तो माणूस बसला. चहा होईपर्यंत हात रिकामे कशाला म्हणून त्याने ताटातला बराच मटारही सोलून दिला. आमच्या नात्याची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे सापडली नाही, आणि मी पुष्कळ पुस्तकं ऐकली आहेत.

पानिपतची कादंबरी शेवटाकडे आली तेव्हाची गोष्ट. तिच्यात गोदा म्हणून एक बाई आहे, सैन्याबरोबर गेलेली, रांधणारी. लढाईच्या दिवशी सकाळी ती भांडी घासते आणि बांधते. चार पानं भांडीच. कुठलं पातेलं कशात बसतं, झाकणं कुठे, चिंध्या कुठे. दिगंबर वाचत होता आणि माझी बोटं नुसती धावत होती. मनात म्हटलं, आज चार पानं एकदम गेली. आणि एका शेंगेत ही लठ्ठ हिरवी अळी निघाली. मी थांबले.

दिगंबरही थांबला. त्याचे डोळे चमकले.

"इथे?"

"अरे, अळी आहे."

"असू दे. थांबलीस ना?"

"अळीमुळे थांबले! भांड्यांमुळे नाही."

"कारण मी कधीच विचारत नाही. नियम हात थांबण्याचा आहे."

"दिगंबर, चार पानं भांडी आहेत. काढ."

"मी काढणारच होतो," तो हळू आवाजात म्हणाला, "पण आता नाही काढणार. अळीलासुद्धा आवडलं असेल."

जेवताना वाद, भांडी घासताना वाद. मी उसळ वाढता वाढता पुन्हा सांगून पाहिलं. पानं राहिली.

पुढचं वाचकांना माहीत आहे. कादंबरी गाजली, आणि कादंबरीत सगळ्यांत जास्त गाजली ती ती चार पानं. ती शाळेच्या पुस्तकात गेली. प्राध्यापकांनी त्यांवर भाषणं केली. एकाने तर त्या झाकणांचा असा काही अर्थ लावला, की दिगंबर घरी येऊन मला म्हणाला, "बघ, अळी किती शिकलेली होती."

पानिपतजवळ काला अंबला लढाईचं स्मारक आहे. संक्रांतीच्या सुमाराला महाराष्ट्रातून माणसं तिथे येतात. कादंबरी आल्यापासून त्यांतली बरीचशी परतताना आमच्या क्वार्टरवर यायला लागली. तिळगूळ आणायची, दिगंबरच्या पाया पडायची, आणि माझ्याकडे बघून घुटमळायची. त्यांना चहा करणं हे नोकरीतलं हंगामी काम. त्यांतले एक गृहस्थ मला कायमचे लक्षात राहिले. साताऱ्याकडचे, निवृत्त फौजदार, मिशा भरदार. बसल्या बसल्या म्हणाले, "आम्ही गोदाचे वंशज."

दिगंबर गडबडला. "अहो, पण गोदा मी कल्पनेनं लिहिली. ती झालीच नाही."

"तुम्हाला कल्पनेत दिसली असेल, साहेब. पण आमच्याकडे पातेलं आहे."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून खरोखरच एक तांब्याचं पातेलं काढून टेबलावर ठेवलं. दिगंबरने उठून पातेल्याला नमस्कार केला. फौजदारसाहेब जाताना ते आम्हाला देऊन गेले, "इथेच शोभेल" म्हणाले. मी घ्यायला नको नको म्हणत होते, पण त्यांचे डोळे भरलेले पाहून ठेवून घेतलं. आता सोललेले दाणे त्याच पातेल्यात पडतात.

एका वर्षी त्यांच्या आग्रहाने आम्हीही काला अंबला गेलो. धुकं होतं, माणसं शाली पांघरून उभी होती, आणि एका कॉलेजातल्या मुलीने ती चार पानं वाचायला घेतली. दिगंबर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अळी." मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यामुळे आणखीच पंचाईत. दिगंबर स्मारकाकडे बघत खोटं खोटं खोकत होता. पण वाचन तिसऱ्या पानावर आलं आणि माझं हसू आपोआप गेलं. गोदा भांडी बांधत होती, आणि संध्याकाळी जेवायला कुणीच येणार नाही हे तिला ठाऊक नव्हतं. क्वार्टरमध्ये ऐकताना मला हे कसं कळलं नाही, देव जाणे. शेजारच्या बाईंचा हात पाठीवरून तसाच फिरत होता, तो मग मला हवासा वाटला.

मग बाजार खुला झाला म्हणतात ते दिवस आले. क्वार्टरांसमोर स्कूटरच्या जागी छोट्या गाड्या उभ्या राहू लागल्या, गच्च्यांवर केबलच्या तारा लोंबल्या. मी निवृत्त झाले आणि आम्ही द्वारकेला, म्हणजे दिल्लीच्याच टोकाच्या नव्या वस्तीत, राहायला गेलो. मंत्रालयातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, त्यात आयुष्याची पुंजी घालून आमचा फ्लॅट. तेव्हा द्वारकेत रस्ते रुंद आणि माणसं कमी. पाणी टँकरने यायचं, संध्याकाळी शेतातून कोल्हे ओरडायचे. तरी मी खूश होते. लिफ्ट होती. मोठा फ्रिज घेतला, वर हिवाळाभराचा मटार मावेल असा फ्रीझर. बाजारात सोललेला, गोठवलेला मटार पाकिटातून मिळायला लागला होता. पाकीट कापा, कढईत ओता. मी म्हटलं, सुटले.

आणि दिगंबरला पहिल्यांदाच दार असलेली खोली मिळाली. मी तिला जाड पडदे लावले, फोन बाहेर ठेवला, बेलचा आवाज कमी करून घेतला. तो आत लिहायचा, बाहेर येऊन म्हणायचा, "वाचू?" मी सगळी कामं टाकून त्याच्यासमोर खुर्चीत बसायची, हात मांडीवर. निवृत्त माणसाला वेळच वेळ. वाचून झालं की म्हणायची, "छान आहे." तो आत जाऊन फाडायचा.

असे दोन हिवाळे गेले. मोठी कादंबरी लिहायला घेतली होती, ती अर्ध्यात अडली. तो लिहायचा, मी छान म्हणायची, तो फाडायचा. मग लिहिणंच थांबलं. एके दिवशी जेवताना सहज म्हणाला, "झालं बहुतेक माझं. संपलं असेल सगळं." आणि ताकभात कालवायला लागला. मी फार घाबरले. पुस्तक अडलं म्हणून नव्हे. न लिहिणारा दिगंबर कसा असतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि ते मला पाहायचं नव्हतं. बेलचा आवाज मी आणखी कमी केला.

पुढच्या जानेवारीत आठवडाभर धुकं होतं आणि मग ऊन पडलं. खालून हाक आली. खुरानाभाभी आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली. त्यांना इंटरकॉमची गरज कधी पडली नाही.

"दीदी! धूप निकली है! गेट पे मटर आया है, नीचे आओ!"

हातगाडी सोसायटीच्या आत सोडत नसत, म्हणून भाजीवाला गेटबाहेर उभा. पाच-सहा बायकांनी मिळून त्याचा सगळा ढीग उचलला आणि लॉनवर सतरंजी टाकली. फ्रीझरमध्ये पाकिटं पडलेली असताना मीही पाच किलो घेतला. उन्हात पाय पसरून बसले आणि पहिली शेंग मोडली. तो कट् आवाज ऐकला आणि बरं वाटलं.

थोड्या वेळाने वर बघते तर दिगंबर बाल्कनीत उभा. माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. मग तो दिसेनासा झाला, आणि लिफ्टमधून माकडटोपी घालून खाली आला. खिशात कागदांची गुंडाळी.

"वाचू?"

"इथे? अरे, या सगळ्याजणी..."

"तू सोलत राहा. माझ्याकडे बघू नकोस."

आणि त्याने लॉनवर उभं राहून मराठी कादंबरी वाचायला सुरुवात केली. पंजाबी, बंगाली, मल्याळी बायका, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. पण भाईसाहब वाचतायत म्हटल्यावर सगळ्या सभ्यपणे सोलत राहिल्या. पहिलं पान गेलं. बोटं चालू, माझीही चालू. त्याने ते पान तिथेच फाडलं, बायका दचकल्या. दुसऱ्या पानाच्या मध्यावर खुरानाभाभींचा हात थांबला.

"क्या हुआ इसमें?" त्यांनी मला विचारलं. "कोई मर गया क्या?"

खरोखरच त्या पानावर एक म्हातारा गेला होता. "आपको कैसे पता?" मी विचारलं.

"भाईसाहब की आवाज़ बैठ गई ना."

तेव्हा कुठे माझं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. माझ्या बोटांत एक अर्धी उघडलेली शेंग होती, आणि ती केव्हापासून तशीच होती मला सांगता आलं नसतं. दिगंबर बघत होता. दोन वर्षांत पाहिलं नव्हतं असं हसला.

वर आल्यावर मी म्हटलं, "मी खोलीत इतकं मन लावून ऐकत होते, ते नाही चाललं. आणि हे चाललं?"

"तिथे तू रिकाम्या हातांनी बसायचीस. रिकाम्या हातांचं माणूस चांगलं वागतं. तुझं चांगलं वागणं घेऊन मी काय करू?"

मग रोजचंच झालं. बाराचं ऊन आलं की सतरंजी, मटार, दिगंबर. बायका विचारायच्या, "भाईसाहब, आगे?" आणि त्यांना हिंदीत गोष्ट सांगायचं काम माझ्यावर आलं. एकदा त्याने एका मुलीचं लग्न मोडलं, तर बंगाली बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याने नंतर ते लग्न लावून दिलं. टीकाकारांनी या वळणाला 'अनपेक्षित आशावाद' म्हटलं आहे. मटार संपला तेव्हा गाजरं आली, गाजरं किसता किसता होळीच्या आधी कादंबरी पुरी झाली. प्रकाशन समारंभाला खुरानाभाभी पहिल्या रांगेत होत्या, आणि शेजारच्या मोठ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हमने तो छपने से पहले सुन रखी है."

आता दिगंबर कमी लिहितो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला सगळं इतकं स्वच्छ दिसतं, की कपाटावरची धूळही सांगतो. म्हणून मटार आता तो सोलतो, मी चहा पीत पेपर वाचते. बढती म्हणायची ती हीच.

लोकांना वाटतं मी त्याच्यासाठी फार सोसलं. तसं काही नाही. त्याची सगळी पुस्तकं मला आवडली असंही नाही. पण एक गोष्ट मला मिळाली, ती त्याच्या लाखभर वाचकांत कुणाला नाही मिळाली. नवं पान वाचायला घेताना त्याचा आवाज पहिल्या दोन ओळींपुरता कापतो. एवढी नावाजलेली असामी, आणि माझ्या हातांकडे बघून घाबरायची. आयुष्यभर एक माणूस मला रोज आपलं सगळ्यात कच्चं, सगळ्यात खरं काढून दाखवत राहिला, आणि मी नुसती मटार सोलत बसले. पुन्हा नोकरी निवडायची वेळ आली तर मी हीच निवडेन, बिनपगारी, बिननावाची.

इथपर्यंत लिहून झालं आणि आज दुपारी मी त्याला म्हटलं, "वाचू?" तो बाल्कनीतल्या उन्हात फौजदारांचं पातेलं घेऊन बसला होता. माझा आवाज कापत होता, हे मला आवडलं नाही. हिंदूराव झालं, तपासणी झाली, त्याची बोटं चालू. काला अंब झालं, तो हसला, बोटं चालूच. लॉनही गेलं. मग वरचा परिच्छेद आला, आणि वाचता वाचता मला शेंगांचा आवाज येईनासा झाला.

मी मान वर केली. त्याचा हात थांबला होता.

"इथे?" मी विचारलं.

"अळी आहे," तो म्हणाला. शेंग घाईघाईने सालांच्या ढिगात टाकली, आणि नाक पुसत पाणी प्यायला आत गेला.

मी ढिगातून ती शेंग काढली आणि उन्हात धरून उघडली. आत सगळे दाणे टपोरे, एकाला एक लागून. अळी नव्हती.